लोन 'सेटल' केलं म्हणजे विषय संपला का?

हप्ते थकले की रिकव्हरी एजंटचे फोन सुरू होतात. मग एक दिवस ऑफर येते: 'एवढी रक्कम एकदम भरा, बाकी माफ.' यालाच लोन सेटलमेंट म्हणतात. पण हो म्हणण्याआधी हे वाचा.

'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यात फरक काय?

पूर्ण कर्ज फेडलं तर क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' अशी नोंद होते. तडजोड केली तर 'सेटल्ड', म्हणजे बँकेला काही रक्कम सोडावी लागली. ही नोंद काही वर्षं राहते आणि नवं कर्ज देताना बँका ती बघतात.

पैसे भरताना काय काळजी घ्यायची?

ऑफर बँकेच्या लेटरहेडवर लेखी घ्या. पैसे थेट कर्जखात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. त्यानंतर नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्या. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत.

मग स्कोअर कसा सुधारायचा?

सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सोडवली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. नोंद खरी असेल, तर 'पैसे द्या, स्कोअर वाढवतो' म्हणणारे ती पुसू शकत नाहीत. हातात पैसे आले की उरलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करता येईल का, हे बँकेला विचारा. तोवर बाकीचे हप्ते आणि कार्डाची बिलं वेळेवर भरत राहा.