ज्याला अंत नाही

‘आकाशात अनंत तारे आहेत’, ‘आईची माया अनंत असते’ अशी वाक्ये आपण सहज लिहितो. इंग्रजीत या अर्थी ‘इन्फिनिट’ हा शब्द योजतात. त्याची कुळकथा मोठी मनोरंजक आहे.

लॅटिन भाषेत ‘फीनिस’ म्हणजे शेवट किंवा हद्द. त्याच्याआधी ‘इन्’ हा नकारदर्शक उपसर्ग लागून बनलेला शब्द फ्रेंचच्या वाटेने चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘फिनिश’ म्हणजे संपविणे व ‘फायनल’ म्हणजे अखेरचा, ही त्याचीच भावंडे. ‘डिफाइन’ म्हणजे व्याख्या करणे, हाही शब्द त्याच घराण्यातला. कारण व्याख्या करणे म्हणजे अर्थाला कुंपण घालणे होय. क्रियापदाच्या ज्या रूपाला पुरुष व वचन यांचे बंधन नसते, त्याला इंग्रजी व्याकरणात ‘इन्फिनिटिव्ह’ म्हणतात, तेही यामुळेच.

आता आपला ‘अनंत’ पाहा. अन् + अंत. घडण अगदी तशीच! लॅटिनमधील ‘इन्’ आणि संस्कृतातील ‘अन्’ यांचे मूळ एकच आहे, असे भाषाशास्त्र सांगते. आपल्या ‘अंत’ शब्दाचा इंग्रजीतील आप्त मात्र ‘एंड’ हा होय.

इ. स. १६५५ मध्ये जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने अनंतासाठी एक चिन्ह योजिले. इंग्रजी आठाचा आकडा आडवा निजवावा, तसे ते दिसते. त्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले होते. तीत कितीही मिळवा वा तीतून कितीही काढा, ती बदलत नाही, असे त्यांनी सांगितले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पुष्कळ म्हणजे अनंत नव्हे. वाळूचे कण अनंत आहेत, असे लोक मानीत. ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज याने हिशेब मांडून दाखविले, की सारे विश्व वाळूने भरले, तरी कणांची संख्या कोठेतरी थांबतेच! आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारेही काही हजारच असतात. म्हणून हा शब्द लिहिताना क्षणभर थांबावे व स्वतःला विचारावे, ‘याला खरोखरच अंत नाही, की मला तो मोजण्याचा कंटाळा आला आहे?’

आईच्या मायेला मात्र तुम्ही खुशाल अनंत म्हणा. कोणताही गणितज्ञ त्याला हरकत घेणार नाही.