शरीर मागाहून पोहोचते

मुलगा किंवा लेक अमेरिकेत आणि आईवडील पुण्या-नाशकात, अशी घरे आता गल्लोगल्ली आहेत. कधी लेकीच्या बाळंतपणासाठी, तर कधी ‘एकदा येऊन तर जा’ या आग्रहाखातर साठी-सत्तरीतली मंडळी पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास करून न्यूयॉर्कला उतरतात. पासपोर्ट तपासणीची रांग संपते, सामान मिळते, नातवंडे गळ्यात पडतात. आणि गाडीत बसताच डोळे मिटू लागतात.

या थकव्याला कारणे आहेत. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ असते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागी आपण रात्रभर एका खुर्चीत बसलेलो असतो! हवा कोरडी म्हणून घसा सुकतो, पाय लोंबते राहिल्याने घोटे सुजतात. पण खरी गंमत पुढेच आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेदहा झालेले असतात, म्हणून जेवता जेवता पेंग येते. मध्यरात्री दोनला मात्र पोटात कावळे ओरडतात, कारण इकडे साडेअकराची, जेवणाची वेळ!

हे घड्याळ आपल्या पेशीपेशींत असते. ते कसे चालते, हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. मनगटावरचे घड्याळ क्षणात फिरवता येते. हे आतले मात्र दिवसाला साधारण एखादाच तास सरकते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या, त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या प्रवासाचे हाल वेगळे होते. पण घड्याळ बदलायला शरीराला सवड मिळत होती. विमानाने तीच हिरावून घेतली.

म्हणून पहिल्या आठवड्यात थोडा समजूतदारपणा हवा. मुलाने मोजकी रजा काढलेली असते, दुसऱ्याच दिवशी नायगारा ठरलेला असतो. आई गाडीत झोपते, बाबा चिडचिड करतात. मुलाला वाटते, यांना कशातच उत्साह नाही. आईवडिलांना वाटते, आपली इथे अडचण होते आहे. दोष कोणाचाच नसतो. नायगारा आठवडाभर थांबेल. पहिले काही दिवस दुपारी उजेडात पाय मोकळे करावेत, पाणी भरपूर प्यावे, झोप अनावर झाली तर अर्धा तास लवंडावे आणि स्वयंपाकघरात रात्रीसाठी दहीभात झाकून ठेवावा.

औषधांची गोष्ट मात्र गंभीर आहे. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. दिवस साडेनऊ तासांनी लांबणार, तेव्हा पुढचा डोस कधी घ्यायचा, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवावी. त्यात कमीपणा कसला?

परतीचा प्रवास पूर्वेकडचा, तो बहुतेकांना जास्त जड जातो. तेव्हा आजी-आजोबा घरी आल्या आल्या भेटायला धावू नका. आठवडाभराने जा, अमेरिकेच्या गप्पा तेव्हा अधिक रंगतील.