आधी खण पाहा

उंद्रीतल्या त्या घरात टीव्हीखालच्या शेल्फवर कॉम्प्युटर उघडाच असतो. कॅबिनेटचं एक पान काढून भिंतीला टेकवलेलं आणि आतून दोन वायरी बाहेर लोंबणाऱ्या, एक करंटची, एक डेटाची. कुणी आपल्या लग्नाचं शूटिंग पाहायला आलं की घरमालक, म्हणजेच शूटिंगवाले, लोखंडी कपाटातून त्या सालची हार्ड डिस्क काढतात, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवतात आणि वायरी जोडतात. डिस्कवर पांढरी पट्टी, पट्टीवर बॉलपेननं दोन्हीकडची आडनावं. चिखली तालुक्यातल्या या भागातली कितीतरी लग्नं त्या कपाटात साड्यांच्या खालच्या खणात आहेत. त्यांतली काही माणसं आता फक्त तिथंच हसता-बोलताना दिसतात. ते सगळं दोन लोंबत्या वायरींच्या भरवशावर चाललंय हे पाहिलं आणि शूटिंगवाले नवं कॅबिनेट घ्यायला खामगावला निघाले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. त्यांना टीव्हीखाली आडवं बसणारं आणि डिस्क समोरून घालता-काढता येणारं कॅबिनेट हवं होतं. निघताना घरातून त्यांच्या पत्नीनं बजावलं होतं, "लाइटवालं आणू नका. आई तिथंच निजतात. आवाजही नको."

दुकान अरुंद, आत सोल्डरिंगचा वास भरलेला. कॉम्प्युटर जोडून देणारा कारागीर पन्नाशीचा. त्यानं जुनी वायर हातात घेतली आणि तिच्या टोकाचं काळं प्लास्टिक आमच्यापुढे धरलं. एल आकाराची बारीक जीभ अर्धी तुटलेली.

"पन्नास डाव," तो म्हणाला. "याच्यावर भरवसा नाही."

हा आकडा त्यानं मनानं काढलेला नव्हता. हार्ड डिस्क जोडायची साटा पद्धत 2003 पासून वापरात आली. तिच्या नियमांत कॅबिनेटच्या आतली साधी वायर 50 वेळा लावता-काढता येईल एवढीच धरलेली आहे. वायर आत एकदा लावायची आणि विसरून जायची, असा त्यामागचा हिशेब. डिस्क ज्या पट्टीवर सरळ सरकत जाऊन बसते, त्या पट्टीच्या जोडणीसाठी हाच आकडा 500 आहे. लग्नसराईत शूटिंगवाल्यांकडे एखाद्या महिन्यातच 50 वेळा वायर लागते आणि निघते. वायर तुटली तर नवी मिळते. पण तसंच प्लास्टिक डिस्कच्या अंगालाही असतं. ते तुटलं की डिस्क जिवंत असूनही बोलत नाही.

तोवर दुकानातला पोरगा काचेची कॅबिनेटं काढून मांडत होता. पुढून काच, बाजूनं काच, आत रंग बदलणारे पंखे. सीडी-डीव्हीडी गेली तशी कॅबिनेटच्या तोंडावरची सव्वापाच इंची जागाही बहुतेक नव्या मॉडेलांतून गेली. दिवाणखान्यासाठी मुद्दाम बनवलेली आडवी कॅबिनेटं अजून मिळतात, सिल्व्हरस्टोनची ग्रँडिया मालिका त्यातलीच, ॲम्प्लिफायरशेजारी शोभतील अशी 440 मिलिमीटर रुंदीची. पण तो सगळा बाजारच आटलाय. 2015 साली विंडोज 10 आलं आणि त्यातून टीव्हीवर सिनेमे लावायचं मीडिया सेंटर वगळलं गेलं. टीव्हीला मागून काडी लावली की सिनेमा दिसायला लागला, मग डिस्कचं कॅबिनेट कोण विचारतो? ज्याचा सिनेमा कुठल्याच कंपनीच्या यादीत नाही, तो विचारतो. उंद्रीच्या मांडवातली हळद कुठल्या ॲपवर लागणार?

कारागिरानं पोराला थांबवलं. "भाऊ, कॅबिनेट मंग पाहा. आधी खण पाहा."

त्यानं ड्रॉवरमधून एक मेलेली डिस्क काढली आणि खणात बसवायच्या, टेबलावर ठेवलेल्या रॅकमध्ये सरकवली. कट्. कळ दाबली, बाहेर ओढली, पुन्हा सरकवली. डोळे मिटलेले, अंगठा दारावर. मग दुसरा रॅक, तीच डिस्क. या दुसऱ्यात ती शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला किंचित अडत होती, आणि तेवढ्यावरून त्यानं तो बाजूला ठेवला. "हे अंगठ्यानं समजते, डोयानं नाही." त्या दुकानाची आठवण निघाली की मला तो मिटल्या डोळ्यांचा माणूस आणि त्याचा अंगठाच आठवतो. महागडं यंत्र विकायच्या घाईतला दुकानदार असं करत नाही.

आधी खण पाहायचा, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. काही कॅबिनेटांना कंपनीचेच ट्रे असतात, दिसायला देखणे. पण चार वर्षांनी एक ट्रे मोडला तर तसा दुसरा मिळत नाही. अकोल्यात नाही आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हिंडूनही नाही. त्यापेक्षा कॅबिनेटला फक्त सव्वापाच इंची मोकळे खण असावेत आणि त्यात वेगळा रॅक बसवावा. रॅक बिघडला की तेवढाच बदलायचा. अशा तीन खणांत पाच डिस्कचा रॅकही बसतो. शूटिंगवाल्यांना ट्रेविना चालणारा, एकाच डिस्कचा हवा होता. उघडी डिस्क थेट आत जाते, स्क्रू नाही, ट्रे नाही.

शूटिंगवाल्यांनी विचारलं, पाच डिस्क एकत्र करून एकच मोठी का करू नये? त्यांच्या पुतण्यानं रेड म्हणून काही सांगितलं होतं.

"रेड कायले? तुमची एक डिस्क कोण्याही कॉम्प्युटरले लावली, की लग्न दिसलं पाह्यजे."

हिशेब मीही मांडून पाहिला. फोर-के कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिटनं रेकॉर्ड करत असेल तर तासाला 45 जीबी होतात. दोन कॅमेरे, सहा तास, म्हणजे 540 जीबी. चार टीबीच्या डिस्कवर सात लग्नं. रेडमधून एकटी डिस्क उचलून दुसरीकडे नेली तर बहुतेक प्रकारांत तिच्यावरचं काहीच धड वाचता येत नाही. एक डिस्क, सात घरं, हा हिशेब गावात कुणालाही समजतो.

मग पंखा. घरगुती डिस्क साधारण 60 अंशांपर्यंत चालेल असं कंपन्या सांगतात. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीवर असते, म्हणजे वरच्या वीस अंशांतच सगळं भागवायचं. छोट्या रॅकमागचा 40 मिलिमीटरचा पंखा फार वेगानं फिरतो आणि कर्कश ओरडतो. ज्या खोलीत म्हातारी आई निजते तिथं तो चालणार नाही. कॅबिनेटला पुढून मोठा, सावकाश फिरणारा पंखा हवा आणि त्याच्यापुढे काढून धुता येणारी जाळी. जाळी नसली तर सोयाबीनच्या मळणीचं भुसकट आठवड्यात आत बसतं.

डिस्क चालू कॉम्प्युटरमधून काढायची रीत कारागिरानं दाखवली. बायोसमध्ये त्या पोर्टला हॉट प्लगची परवानगी द्यायची, काढण्याआधी स्क्रीनवरून इजेक्ट करायचं, आणि आतली तबकडी थांबेपर्यंत कळीला हात लावायचा नाही. साटाच्या करंटच्या जोडणीत अर्थचे काही संपर्क इतरांपेक्षा पुढे आलेले असतात. डिस्क आत जाताना ते आधी टेकतात आणि बाहेर येताना शेवटी सुटतात. इतका बारीक विचार कुणीतरी करून ठेवलाय, आणि लोंबती वायर अंदाजानं तिरपी खुपसली की तो सगळा वाया जातो.

शेवटी पसंत पडलं ते पोटमाळ्यावरचं जुन्या स्टॉकमधलं काळं पत्र्याचं कॅबिनेट. आडवं, दिव्यांविना, समोर दोन सव्वापाच इंची खण. टेपनं कॅबिनेटची खोली मोजली, शेल्फवर मागे वायरी आणि गरम हवेला चार बोटं जागा उरत होती. एका खणात रॅक बसवला, दुसरा मोकळाच ठेवला.

पैसे घेण्याआधी कारागिरानं विचारलं, "दुसरी कॉपी कुठं हाय?" शूटिंगवाले गप्प राहिले. समोरून निघणारी डिस्क म्हणजे जपलेली डिस्क नव्हे, ती हातातून पडूही शकते, हे त्यानं शांतपणे सांगितलं. मग त्यानं अट घातली. तुळशीचं लग्न लागायच्या आत कपाटातल्या सगळ्या डिस्क दुकानात आणायच्या. एकेक तपासायची, जिचे सेक्टर खराब निघतील तिची कॉपी पहिली. शूटिंगवाल्यांनी तिथूनच चिखलीच्या बहिणीला फोन लावला आणि दुसरा संच ठेवायला तिच्या कपाटातला एक खण मागून घेतला.