घरात पहिली मोटारसायकल येते तेव्हा



सोयाबीनचे पैसे हातात आले किंवा उसाचा हप्ता जमा झाला, की दसरा-पाडव्याच्या सुमारास खेड्यातल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो. मोटारसायकल घ्यायची. तरुण मुलगा एका बाजूला आणि आई, आजी, सूनबाई दुसऱ्या बाजूला. "रोज रस्त्यावर माणसे मरताहेत, आपल्याला नको ती गाडी," असे एकीकडून येते. "साऱ्या गावाकडे आहे, आपणच काय मागे राहायचे?" असे दुसरीकडून येते. आवाज चढतात, जेवण गार होते. शेवटी गाडी एक तर येतच नाही किंवा रुसव्याफुगव्यात येते. दोन्ही गोष्टी घराला बऱ्या नाहीत.

शेतकऱ्याला गाडी ही चैन राहिलेली नाही. सकाळचे दूध वेळेवर डेअरीत पोचवायचे, मोटारीचा जळका स्टार्टर दुरुस्तीला न्यायचा, आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा, तर एस.टी.ची वाट पाहून भागत नाही. राजदूतला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून दूधवाले फिरत. १९७२ साली लुना आली, १९८५ साली शंभर सी.सी.ची हिरो होंडा आली, आणि गाडी वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. गरज खरी आहे.

पण घरच्यांची भीतीही तितकीच खरी आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्याच वर्षी ५०,०२९ मृत्यू हेल्मेट न घातलेल्यांचे होते. तेव्हा आई घाबरते ती अडाणीपणाने नव्हे.

मग करावे काय? आपण फवारणीचे औषध आणतो तेव्हा डब्यावरचा त्रिकोण पाहतो. लाल त्रिकोण दिसला म्हणून कोणी पीक वाऱ्यावर सोडत नाही. हातमोजे घालतो, तोंडाला बांधतो, वाऱ्याची दिशा पाहतो, लेकराबाळांना लांब ठेवतो. गाडीचेही तसेच आहे. घरच्यांच्या भीतीशी वाद घालू नका, तिचा बंदोबस्त करा.

आमच्या भागातल्या एका वस्तीवर मी ठिबकची पाहणी करायला गेलो होतो. तिथे हाच वाद चालू होता. माउली मला म्हणाली, "साहेब, तुम्ही तरी सांगा याला. माझा पाठचा भाऊ असाच गेला. रात्री उभ्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला." मुलगा म्हणाला, "अगं आई, मी काय मामासारखा रात्रीचा फिरणार आहे का?" ती गप्प झाली, पण तिचे समाधान झाले नव्हते. मी मुलाला म्हटले, "आईला नेमके कशाचे भय वाटते ते विचार आणि लिहून काढ." त्याने कालदर्शिकेच्या मागे लिहिले. अंधारात जाणे, उघडे डोके, तिघे बसणे, गाडीवर मोबाइल. चारच गोष्टी निघाल्या. त्या चारही त्याने आईसमोर कबूल केल्या आणि पाडव्याला गाडी आली. आईची भीती गेली असे नाही. तो येईपर्यंत ती अजूनही ओसरीवर बसते. पण आता घरातून निघताना हेल्मेट त्याच्या हातात तीच देते.

तुमच्या घरीही असेच प्रश्न निघतील. त्यांची उत्तरे अशी तयार ठेवा.

"डोक्याला लागले तर?" गाडीबरोबरच दोन हेल्मेट घ्या, एक चालवणाऱ्याचे आणि एक मागे बसणाऱ्याचे. आय.एस.आय.ची खूण आणि आय.एस. ४१५१ हा क्रमांक पाहूनच घ्या. चांगल्या हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्के कमी होतो, असे पाहणीत दिसले आहे. मात्र हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा. हँडलला अडकवलेले हेल्मेट कोणाचेच डोके वाचवत नाही.

"वेग आवरेल का?" पहिल्या गाडीला शंभर-सव्वाशे सी.सी. पुरे. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते, ६० ला सुमारे १७ मीटर. कुत्रे किंवा वासरू आडवे आलेले दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एवढे अंतर कापलेले असते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना ब्रेकचा नियम आला. सव्वाशे सी.सी.पर्यंत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना ए.बी.एस. जुनी गाडी घेत असाल तर ती त्याआधीची आहे का, हे विचारून घ्या.

"अंधार पडला तर?" गळीत हंगामात रस्त्याकडेला उभी ट्रॉली हा मोठा घात आहे. तिला मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसेल तर ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शक्य तो दिवसा कामे उरका. रात्री जावेच लागले तर दिव्याच्या उजेडात गाडी थांबवता येईल इतकाच वेग ठेवा. तुमच्या घरचीही ट्रॉली असेल, तर तिला आजच चमकपट्टी लावा. ज्या आईला काळजी वाटते ती कोणाचीही आई असू शकते.

"मागे कोण आणि काय बसणार?" कायद्याने चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो. साडीचा पदर, ओढणी, उपरणे चाकात अडकू नये म्हणून साडी गार्ड हवेच. मागे धरायला कडी आणि पाय ठेवायला जागाही हवी. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे बांधा. कॅन लावल्यावर गाडी रुंद होते हे वळताना विसरू नका. पी.व्ही.सी. पाइप आडवा धरून कोणालाही मागे बसवू नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट हवे व वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे.

"धाकटा मागे लागला तर?" मोटारसायकलीच्या लायसनसाठी वय १८ पूर्ण हवे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. किल्ली खुंटीला टांगून ठेवू नका.

"काही झालेच तर?" आधी शिकाऊ लायसन काढा. ते सहा महिने चालते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. ते ३० दिवस रिकाम्या मैदानात ब्रेक, वळण, चढावर क्लच यांत घालवा. विमा उतरवताना एक गोष्ट नीट समजून घ्या. नव्या दुचाकीला जो पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा असतो, तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर कामी येतो. स्वतःच्या जिवासाठी १५ लाख रुपयांचा मालक-चालक अपघात विमा वेगळा असतो. त्याचा लाभ मिळायला लायसन हवे. लायसन नसेल, तर वेळ आल्यावर घरचे रिकाम्या हाताने परततात.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. नुसते "नको" म्हटल्याने मुलगा गाडीपासून लांब राहत नाही. तो मित्राची गाडी घेतो, तीही हेल्मेटवाचून आणि तुम्हाला न सांगता. तुमच्या अटी स्पष्ट सांगा आणि त्या पाळल्या तर मोकळ्या मनाने हो म्हणा. पोहोचल्यावर त्याने फोन करावा अशी अट घाला, पण वाटेत तुम्ही त्याला फोन करू नका.

धोका अगदी शून्य होत नाही. पहिल्या पावसात डांबर निसरडे होते, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल वळणावर पडलेला असतो, समोरचा चूक करतो. आपल्या हातात आहे तेवढे मात्र आपण करू शकतो, आणि ते बरेच आहे. पाडव्याला गाडीची पूजा कराल, नारळ फोडाल, चाकाखाली लिंबू ठेवाल. त्याच दिवशी दोन्ही हेल्मेट गाडीशेजारी ठेवा आणि पहिली फेरी ती घालूनच मारा.