जंतांवरील नव्या औषधांचा शोध
शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या जठरांत राहून रक्त शोषणारा ‘हिमोंकस’ जंत अनेक ठिकाणीं जुन्या औषधांस दाद देईनासा झाला आहे. नव्या औषधाच्या शोधांत आतां संगणकाचें साहाय्य होतें. या जंताचा जनुकसंच २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. मातींत राहणाऱ्या त्याच्या एका निरुपद्रवी भाऊबंदाचीं कोणतीं जनुकें बंद पाडल्यास तो मरतो, हें प्रयोगांनीं ठरलेलें आहे. तीं जनुकें या जंतांत आहेत, पण शेळीमेंढींत नाहींत, असें कोठें आढळतें, हें संगणकानें ताडून पाहतात. अशा जनुकापासून होणाऱ्या प्रथिनावर औषधाचा घाव घालावयाचा. म्हणजे तण मरावें व पीक वांचावें, असा हा न्याय. मात्र ही केवळ निवड होय. पुढें प्रयोगशाळेंत व जनावरांवर कसोटी लागतेच. तोंपर्यंत हातचीं औषधें जपावींत. पशुवैद्याच्या सल्ल्यानें, वजनाप्रमाणें पूर्ण मात्रा द्यावी. अपुऱ्या मात्रेंतून वांचलेल्या चिवट जंतांचीच प्रजा पुढें वाढते.