साठ वर्षांची एमजीबी घरच्या शेडमध्ये चालू राहते, मग आपलं मशीन पाच वर्षांत का बसतं?



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, मशीनची देखभाल स्वतः करावी की माणूस बोलवावा?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण त्या दोन ओळी तुम्ही उद्या विसरला असता. म्हणून आज एका गाडीची गोष्ट सांगतो. गोष्ट गाडीची आहे, पण वाचताना तुमचं मशीन डोळ्यांसमोर ठेवा.

आधी माझी चूक सांगतो. मी ट्रेनिंग सुरू करण्याआधी माझं छोटं वर्कशॉप होतं. कॉम्प्रेसर कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. त्याच्या तेलाची काच भिंतीच्या बाजूला होती, त्यामुळे कोणी वाकून बघायचंच नाही. ऐन दिवाळीच्या तोंडावर तो जाम झाला. दुरुस्तीचा खर्च एकवेळ परवडला, पण वेळेवर माल न मिळाल्यामुळे जे गिऱ्हाईक गेलं ते परत आलं नाही. अर्धा लिटर तेलाचा प्रश्न होता हो!

## गाडी कोणती?

एमजीबी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. उघड्या टपाची आणि बंद टपाची मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधं लोखंडी.

हे इंजिन आपल्याला अगदी परकं नाही. बीएमसी कंपनीच्या ज्या बी-सिरीज कुळातलं हे इंजिन, त्याच कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसेडरमध्ये होतं. म्हणजे सरकारी अँबॅसेडरचं बॉनेट उघडणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडून दिलं, तर तो गोंधळणार नाही.

ब्रिटनमध्ये आजही हजारो मालक ही गाडी घरच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी, स्वतःच्या हातांनी सांभाळतात. हे लोक मेकॅनिक नाहीत. कोणी शिक्षक, कोणी निवृत्त कारकून. मग जमतं कसं? बघूया.

## पहिला नियम: जॅक उचलण्यासाठी, घोडी टिकवण्यासाठी

गाडीखाली जायचं तर काय करतात? जमीन सपाट आणि पक्की आहे ना ते बघतात. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावतात. जॅकने गाडी उचलतात, मजबूत जागा बघून खाली लोखंडी घोड्या लावतात, गाडीचं वजन घोड्यांवर सोडतात आणि हाताने हलवून खात्री करतात. मगच माणूस खाली जातो.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही आणि वरचं वजन जवळजवळ टनभर असतं. घरी काम करताना जीव जातो तो बहुतेक "पटकन करून घेतो" या तीन शब्दांमुळेच.

तुमच्याकडे काय? मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद, आणि तो दुसरं कोणी चालू करणार नाही याची सोय. कारागिराला हे सांगायचं असेल तर आधी मालकाने स्वतः पाळायला हवं.

## दुसरा नियम: वही

चांगल्या मालकाकडे एक वही असते. तारीख, मीटरचं रीडिंग, काय केलं, काय मोजलं. "तेल बदललं" एवढंच लिहून तो थांबत नाही, आकडासुद्धा लिहितो.

आकड्याने काय होतं ते समजून घ्या. या इंजिनात टॅपेटची फट साधारण ०.०१५ इंच ठेवतात. ब्रिटनमध्ये शिसं असलेलं पेट्रोल १९९९ च्या अखेरीस सर्वसाधारण विक्रीतून गेलं. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटतात, तिला ते शिसं संरक्षण द्यायचं. ते गेलं, की जोरात चालवलेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजायला लागते. झीज झाली की व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेटची फट कमी होते.

आता एका मालकाने प्रत्येक वेळी फट मोजून नुसती दुरुस्त केली. दुसऱ्याने मोजून वहीत लिहिली. दुसऱ्याला तिसऱ्या नोंदीलाच दिसतं, की एकाच व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी होतेय. तो व्हॉल्व्ह जळण्याआधी हेड काढून कडक बैठका बसवून घेतो. पहिल्याला मात्र रस्त्यात गाडी बंद पडल्यावर कळतं. दोघांनी काम तेच केलं, फरक फक्त वहीचा आहे.

## तिसरा नियम: क्रम सोडायचा नाही

गाडी झटके देतेय, एका जागी नीट चालत नाही. नवखा माणूस आधी कुठे हात घालतो? कार्ब्युरेटरला. या गाडीला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात, ते समोर दिसतात, फिरवायला सोपे वाटतात. जाणता माणूस त्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो. त्याचा क्रम असा:

१. टॅपेट. इंजिन थंड असताना. इथे एक सोपी युक्ती आहे, नऊची बेरीज. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सहावा उघडा असेल तेव्हा तिसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ.

२. सीबी पॉइंट आणि प्लग. पॉइंटची फटही साधारण ०.०१५ इंचच.

३. टायमिंग. हे पॉइंटनंतरच, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप सरकतं. उलट केलं तर मेहनत वाया.

४. कार्ब्युरेटर. आधी हवा कुठून चोरून आत येत नाही ना ते बघायचं, मग दोन्ही सारखी हवा ओढतात ना ते, आणि मग मिश्रण.

क्रम का पाळायचा? कार्ब्युरेटर फिरवून आधीच्या तिन्ही दोषांवर तात्पुरतं पांघरूण घालता येतं. गाडी जरा बरी चालते, मूळ रोग आत तसाच राहतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन स्क्रू एकदम फिरवले तर फरक कशाने पडला हे देवालाही सांगता येणार नाही.

धंद्यात आपण काय करतो? विक्री घटली की लगेच जाहिरात वाढवतो. जाहिरात म्हणजे आपला कार्ब्युरेटर! आधी माल बघा, मग डिलिव्हरी, मग दर. जाहिरात शेवटी.

## चौथा नियम: जे दिसत नाही ते आधी बघा

एमजीबीच्या सुरुवातीच्या बऱ्याच वर्षांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. जागा कुठे? सीटच्या मागे, झाकणाखाली. काढायला अवघड, म्हणून कोणी बघायचं नाही. गाडी चालू झाली नाही, की स्टार्टरला शिव्या. दोष बऱ्याचदा गंजलेल्या जोडणीत किंवा सैल आर्थिंगमध्ये असतो.

दुसरी गोष्ट, पत्रा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार उचलते. दरवाज्याखालच्या लांब पेट्या, म्हणजे सिल, या गाडीच्या पाठीचा कणा आहेत. त्यांना गंज आतून लागतो आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो. उघड्या टपाच्या गाडीचं सिल आधार न देता कापलं, तर बॉडी वाकते आणि मग दरवाजाच बसत नाही.

तिसरी गोष्ट, ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. दिसायला फारसा फरक नसतो, पण उकळायचं तापमान खाली येतं. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून जाणते मालक गाडी कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलतात.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट आहे. पण गाडी सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाचीच. सूट असूनही कित्येक मालक स्वतःहून तपासणी करून घेतात. कारण आपण रोज बघतो ती वस्तू आपल्याला नीट दिसत नाही, परक्याचे डोळे लागतात.

## मग स्वतः काय, बाहेर काय?

तेल बदलणं, किंगपिनला ग्रीस, प्लग, पॉइंट, टॅपेट, पाण्याचे होज: हे घरी. किंगपिनला दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरला ग्रीस द्यायचं. दहा मिनिटांचं काम, पण टाळलं तर किंगपिनच बदलावा लागतो.

सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं, व्हॉल्व्हच्या बैठका बसवणं: हे मशीन शॉपला. सिलचं वेल्डिंग ज्याला खरंच येतं त्यालाच. ब्रेकचं काम घरी करायचं तर आधी जाणकाराच्या शेजारी बसून शिकायचं आणि नंतर त्याच्याकडून तपासून घ्यायचं.

फूटपट्टी सोपी आहे. स्वतःला तीन प्रश्न विचारा: चूक झाली तर जीव जाईल का? यासाठी लागणारं हत्यार वर्षातून किती वेळा वापरणार? काम बरोबर झालं हे मी मोजून सांगू शकतो का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर काम बाहेर द्या.

आणि सुटे भाग? मागणी टिकली म्हणून पुरवठाही टिकला. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवायला घेतली, गाडीचं उत्पादन बंद झाल्यावर आठ वर्षांनी! मशीन घेताना म्हणूनच किमतीआधी विचारा: दहा वर्षांनी याचा सील, बेअरिंग, बेल्ट मिळेल का?

## या रविवारी एवढंच करा

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मशीनला चार पानं. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: कुठे तेल लागतं, काय मोजायचं, आणि कोणती जागा वर्षभरात कोणी बघितलीच नाही. मग बॅटरी घेऊन त्या न बघितलेल्या जागेत वाका.

माझा कॉम्प्रेसर भिंतीपासून फक्त एक हात पुढे ओढायचा होता. तुमचा आजच ओढा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. काय सापडलं ते मला नक्की कळवा.