दुखणे खरे, तरी मानसोपचार कशासाठी?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. कंबरदुखी, संधिवात, अर्धशिशी, मधुमेहाने चेतातंतूंना इजा झाल्यावर पायांत होणारी जळजळ आणि सर्वांग ठणकत ठेवणारा फायब्रोमायल्जिया ही तिची परिचित रूपे. अशा रुग्णाला औषधे व व्यायाम यांच्या जोडीने मानसशास्त्रज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळतो तेव्हा डॉक्टरांचा आपल्या दुखण्यावर विश्वास नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा लावला जातो. हा समज केवळ रुग्णाच्या हळवेपणातून येत नाही. ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तेव्हा हे मानसिक असणार’ असे सहज बोलून टाकणाऱ्या वैद्यकीय व्यवसायानेही तो पोसला आहे. जे तपासणीत दिसत नाही ते मानसिक आणि जे मानसिक ते काल्पनिक, अशा दोन चुका त्या एका वाक्यात एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्या वेदनेला संवेदना आणि भावना ही दोन्ही अंगे असलेला अप्रिय अनुभव मानते, आणि वेदनेविषयी रुग्ण जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, असे तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे. इजा जितकी मोठी तितकी वेदना तीव्र, हे समीकरण त्याआधीच ढासळले होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची विचारपूस करताना हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाला असे आढळले की, शुद्धीवर असूनही त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक घ्यावे इतके दुखत नव्हते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्तानुसार मज्जारज्जूतच वेदनेचे संदेश अडवणारी किंवा पुढे सोडणारी यंत्रणा असते, आणि तिच्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही अंमल चालतो. भीती, अवधान आणि पूर्वानुभव यांचा शिरकाव होतो तो याच वाटेने. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी तर दाढ काढलेल्या रुग्णांना औषधी गुण नसलेल्या द्रव्याने मिळालेला आराम, अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन देताच ओसरतो, असे दाखवले. त्यावरून असे अनुमान निघाले की औषध मिळाले या नुसत्या विश्वासानेही शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये स्रवते, आणि ज्याला ‘मनाचा खेळ’ म्हणून झटकले जाते त्यालाही शारीरिक घडामोडींचा पाया असतो.

मूळ इजा भरून आल्यावरही वेदना का उरते, याचे एक उत्तर या यंत्रणेच्या बिघाडात आहे. दीर्घकाळ संदेश येत राहिले की मज्जासंस्था अधिकाधिक संवेदनशील होत जाते आणि एरवी न जाणवणारा दाबही दुखू लागतो. वाऱ्याच्या झुळकेनेही वाजणारी चोरघंटा जशी बिघडलेली असते पण खोटी नसते, तशी ही अवस्था असते. तिला झोपेचा अभाव, चिंता आणि हालचालीची धास्ती खतपाणी घालतात, आणि मानसोपचार हात घालतो तो मुख्यत्वे या तीन गोष्टींना.

धास्तीचा उगम पुष्कळदा एमआरआयच्या अहवालात असतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ हे शब्द एकदा कानी पडले की वाकणे, उचलणे, जमिनीवर बसणे वर्षानुवर्षे टाळले जाते. वास्तविक, पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा असे सांगतो की, मणक्यांमधील चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांत दिसते. म्हणजे पांढऱ्या केसांइतकीच ती वयाची खूण असू शकते. याचा अर्थ तपासणी निरुपयोगी असा मात्र नाही. पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा अकारण घटणारे वजन ही लक्षणे असतील तर आधी डॉक्टरच गाठले पाहिजेत, आणि चांगला मानसशास्त्रज्ञही तेच सांगेल. ती नसताना पूर्ण विश्रांती हाच उपाय मानणे मात्र महागात पडते, कारण हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळे स्नायू लवकर दुखतात आणि त्या दुखण्याने मूळची भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

उपचाराच्या सत्रांत ‘सकारात्मक विचार करा’ असा उपदेश केला जातो, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. सिअॅटलमध्ये मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी या उपचारांचा घातलेला पाया असा होता की, दुखू लागले की थांबायचे आणि बरे वाटले की सगळी कामे उरकायची, हे चक्र मोडून काम आणि विश्रांती आधी ठरवलेल्या मापाने घ्यावी आणि ते माप हळूहळू वाढवावे. आज सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या बोधात्मक वर्तनोपचारात याच्या जोडीला ‘आता मी कायमचा अधू होणार’ यासारखे विचार पुराव्याच्या कसोटीला लावले जातात. मराठी वाचकाला ही पद्धत अनोळखी नाही. तिची एक पूर्वसूरी असलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. स्वीकार आणि बांधिलकी ही दुसरी उपचारपद्धती वेदना घालवण्याच्या झटापटीत अडकून न पडता रुग्णाला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे, म्हणजे नातवंडे, शेत, नोकरी, भजनी मंडळ यांकडे, वेदनेसह परतण्याचा सराव देते. तिला हार मानणे समजणे हा आणखी एक गैरसमज.

सजगतेवर आधारित उपचार म्हणजे विपश्यनाच, असेही पुष्कळांना वाटते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम बौद्ध ध्यानपरंपरेतून स्फुरला हे खरे, पण तो रुग्णालयात, रुग्णांसाठी आखलेला होता. इगतपुरीच्या धम्मगिरीचे संस्थापक सत्यनारायण गोएंका हे स्वतः तीव्र अर्धशिशीने त्रासून ब्रह्मदेशात विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी ही साधना नाही असे सांगून त्यांना आधी परतवण्यात आले होते. साधना आणि उपचार यांतली ही सीमा जपणे दोहोंच्याही हिताचे आहे.

आता या उपचारांकडून अपेक्षा किती ठेवावी? वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ७५ चाचण्या आणि ९,४०१ रुग्ण होते, आणि बोधात्मक वर्तनोपचाराने वेदना, अक्षमता आणि मानसिक त्रास यांत झालेली सुधारणा लहान किंवा अगदी लहान आढळली. हा निष्कर्ष लपवून उपचाराची भलामण करणे अप्रामाणिक ठरेल. मात्र दीर्घकालीन कंबरदुखीत गोळ्यांचा लाभही बेताचाच असतो, हेही त्याच दमात सांगायला हवे. अमेरिकेत बोल्डर येथे १५१ जणांवर झालेल्या एका चाचणीत, वेदना धोक्याची नाही हे मेंदूला नव्याने शिकवणारा उपचार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के जण वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. पण ती चाचणी सौम्य ते मध्यम, ठोस शारीरिक कारण न सापडलेल्या पाठदुखीपुरती होती. कर्करोगाच्या किंवा आमवाताच्या रुग्णाला ती दाखवून आशा लावणे उचित नाही.

अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन लिहून दिले म्हणजे वेड्यात काढले, ही तक्रारही निराधार आहे; नैराश्यावरची ही औषधे चेतातंतूंच्या वेदनेवर स्वतंत्रपणे गुणकारी ठरली आहेत, आणि त्यांपैकी पहिले तर या कामी बरेच कमी मात्रेत दिले जाते.

औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ आणि सत्रे घेणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे दोघे वेगळे. दुसऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारण्यात संकोच बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे बंधनकारक केले असले, तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवतीच बेतलेल्या असल्याने दर आठवड्याच्या सत्रांचा खर्च सहसा रुग्णाच्याच खिशातून जातो. ताण असह्य झाल्यास टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलता येते, मात्र तिथला समुपदेशक वेदनेच्या उपचारात प्रशिक्षित असेलच असे गृहीत धरू नये.